गॅस संपला



तुमच्यापैकी बहुतेकजण दिवसाचे काम आटोपून, घर निजल्यावर ही पुस्तिका उघडत असतील. कोणी वायरमन असेल, कोणी अंगणवाडी सेविका, कोणी दुकान सांभाळणारे, तर कोणी एस.टी.त वाहक. भाषेचा अभ्यास हा पुस्तकापुरता असतो आणि आपल्या रोजच्या कामाशी त्याचा संबंध नसतो, असे तुम्हांला वाटत असेल, तर त्यात तुमचा दोष नाही. भाषाविज्ञानात पीएच.डी. मिळवून आणि पंचवीसहून अधिक वर्षे शिकवून झाल्यावरही मला थोडेफार तसेच वाटत होते. मग एका साध्या क्रियापदाने मला सलग दोन उन्हाळे फसवले. ते क्रियापद कोणते, आणि त्यापायी माझ्या घरात काय घडले, हे या लेखात सांगावयाचे आहे. गोष्ट एका बिघडलेल्या एसीची आहे.

आधी घराविषयी. मी उमरग्याला राहते. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरचे हे तालुक्याचे गाव धाराशिव जिल्ह्याच्या टोकाला, कर्नाटकाच्या सीमेजवळ आहे. उन्हाळ्यात येथे पारा चाळिशी ओलांडतो, आणि महामार्गावरची धूळ दिवसभर घरात येत राहते. आमचे मूळ घर तालुक्यातीलच एका खेड्यात होते. दगड-मातीच्या जाड भिंती, त्यांवर लाकडी तुळया आणि त्यांवर पांढऱ्या मातीचा थर, असे ते माळवदाचे घर. वैशाखातही त्या घरात दुपारी डोळा लागत असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या परिसराला भूकंपाचा धक्का बसला, त्या वेळी अशाच माळवदांखाली आणि अशाच भिंतींखाली हजारो माणसे गेली. आमच्या घराची एक भिंत ढासळली, माणसे वाचली. त्या पहाटेनंतर माझ्या सासूबाई माळवदाखाली कधी झोपल्या नाहीत. आम्ही उमरग्यात स्लॅबचे घर बांधले. स्लॅबखाली त्यांना भीती वाटत नव्हती. पण दिवसभर तापलेला तो स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राही. वाड्या-वस्त्यांवर पत्रा आणि स्लॅब आले, त्यांच्याबरोबर हा उकाडाही आला. सासूबाईंनी ऐंशी ओलांडली, रक्तदाबाचे औषध सुरू झाले, तेव्हा त्यांच्या खोलीत आम्ही दीड टनाचा एसी बसवला. आमच्या घरात ती चैनीची वस्तू म्हणून आली नव्हती, हे तुमच्या लक्षात यावे म्हणून एवढे सांगितले.

पहिल्या वर्षी एसी उत्तम चालला. दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात खोली थंड होईना. आलेल्या कारागिराने बाहेरच्या युनिटला मीटर जोडले आणि सांगितले, "गॅस संपलाय." त्याने गॅस भरला, पैसे घेतले, खोली थंड झाली. तिसऱ्या वर्षी पुन्हा तेच. या वेळी निदान मीच केले होते. "गॅस संपला आहे, भरून द्या," असे मी फोनवर सांगितले, आणि आलेल्या माणसाने सांगितल्याप्रमाणे भरून दिला. चौथ्या वर्षी मे महिन्यात खोली पुन्हा तापू लागली, तेव्हा मला राग आला तो एसीचा. यंत्र फार 'गॅस खाते' असे मी सहकाऱ्यांना सांगितले आणि परीक्षेच्या कामाच्या गडबडीत फोन करावयाचे चार दिवस राहून गेले.

त्या चार दिवसांत सासूबाई मला काही सांगत होत्या. "वारं येलालंय, पण गारवा येईना झालाय." "गॅलरीतल्या बारक्या पायपावर पांढरं जमलालंय." "भितीला तेल कशाचं लागलंय गं?" त्या गॅलरीत सांडगे वाळत घालीत, म्हणून त्यांचे तिकडे लक्ष असे. "आई, गॅस संपलाय. बोलावते मी माणसाला," असे मी प्रत्येक वेळी म्हणाले. त्यांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या होत्या. मी तिन्हींना एकच उत्तर दिले. चौथ्या दिवशी दुपारी मी महाविद्यालयातून आले, तेव्हा त्या खाटेवर निपचित पडल्या होत्या. जीभ कोरडी पडली होती, आणि मला त्या माझ्या नणंदेच्या नावाने हाक मारीत होत्या. दवाखान्यात सलाइन लावल्यावर संध्याकाळी त्या भानावर आल्या. डॉक्टरांनी मला एवढेच विचारले, "खोलीत एसी आहे म्हणालात ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ओळखीतून मिळालेल्या एका तरुण मेकॅनिकला मी फोन केला. नेहमीप्रमाणे म्हणाले, "गॅस संपला आहे, आजच्या आज भरून द्या." पलीकडून उत्तर आले, "मॅडम, गॅस संपत नसतो. गळला असंल तर बघू. आधी सांगा, काय होलालंय?"

मी गप्प झाले. काय होत आहे, हे मला माहीत नव्हते. माझ्याजवळ निष्कर्ष होता, पाहिलेले काहीच नव्हते. त्याने एकेक प्रश्न विचारला. आतून वारे पहिल्यासारखेच येते का? बाहेरचा पंखा फिरतो का? बाहेरचे मशीन चालू होऊन मध्येच बंद पडते का? कुठे पाणी, बर्फ, तेल दिसते का? फिल्टर कधी धुतला? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, आणि ते सांगण्यासारखे नव्हते. बाकीच्या प्रश्नांची उत्तरे खाटेवर पडून ऐकणाऱ्या सासूबाईंनी दिली. मी फोन त्यांच्या कानाशी धरला. त्यांनी वारे, पांढरे, तेल हे सगळे पुन्हा सांगितले. तो म्हणाला, "आजी, अर्धं काम तुम्हीच केलाव."

आता थोडा वेळ भाषेच्या वर्गात या. 'गॅस' हा शब्द मराठी घरात शिरला तो प्रामुख्याने स्वयंपाकघराच्या दाराने. आपण 'गॅस लावतो', 'गॅस बारीक करतो', आणि महिन्या-दीड महिन्याने 'गॅस संपतो'. सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून तो संपणे स्वाभाविक आहे. शब्द एकटा राहत नाही. ठरावीक क्रियापदांच्या सोबतीने त्याची भाषेत वहिवाट पडते. एसी आला, त्याच्याबरोबर तोच शब्द आला, आणि स्वयंपाकघरातले क्रियापद न बोलावता त्याच्या मागोमाग आले. एसीतला गॅस मात्र जळत नाही. बंद नळ्यांतून तो सतत फिरतो: आत खोलीतील उष्णता शोषून घेतो, बाहेर जाऊन ती सोडतो आणि परत येतो. यंत्रणा घट्ट असेल तर भरलेला गॅस वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. तो कमी झाला, याचा अर्थ तो कुठून तरी गळला. 'संपला' म्हटले की पुढची क्रिया 'भरणे' ही ठरून जाते. 'गळला' म्हटले की 'कुठून?' हा प्रश्न उभा राहतो. दोन वर्षे मी तो प्रश्न विचारला नाही, कारण माझ्या वाक्यात त्याला जागाच नव्हती.

संध्याकाळी तो मेकॅनिक आला. त्याने पिशवीतून मीटर काढले नाही. आधी फिल्टरच्या जाळ्या काढल्या. त्यांवर धुळीची गोधडी जमली होती. नळाखाली जाळ्या धुऊन, सावलीत वाळवून त्याने परत बसवल्या. वारे लगेच वाढले; गारवा वाढला नाही. "हे आधी करायचं," तो म्हणाला, "फिल्टर तुंबला तरी आतल्या कॉइलवर बर्फ धरतो. नुसता बर्फ बघून गॅस म्हणू नये." मग तो गॅलरीत गेला. बाहेरच्या युनिटचा पंखा फिरत होता, जाळी फारशी मळलेली नव्हती. बारीक नळीवर पांढरा बर्फ होता, आणि नळी जेथे नटाने जोडली होती तेथे तेलकट डागावर धूळ चिकटलेली होती. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचे थोडे तेलही फिरते; गॅस झिरपतो तेथे ते बाहेर येऊन डाग पडतो. त्याने साबणाचा फेस त्या जोडावर लावला. बारीक बुडबुडे येऊ लागले. "गळलालंय, बघा," तो म्हणाला.

उमरगा, निलंगा, लातूर या पट्ट्यातील बोलीत चालू क्रियेसाठी येणारे 'येलालंय', 'करलालाय', 'गळलालंय' हे रूप तुम्हांला ठाऊक असेल. शहरात गेल्यावर त्यावरून कोणी हसलेही असेल. प्रमाण मराठीत 'पाणी गळते' हे वाक्य नेहमीची गोष्ट सांगू शकते, तशी या क्षणाचीही. 'गळलालंय' मध्ये असा संशय उरत नाही: ते आत्ता, डोळ्यांदेखत चालू आहे. दुरुस्ती करणाऱ्याला नेमके हेच हवे असते. नेहमी होते की आत्ता होत आहे? सुरुवातीपासून होते की तासाभराने? सासूबाईंची तिन्ही वाक्ये पाहिलेल्या गोष्टींची होती. माझे वाक्य शुद्ध होते आणि चुकीचे होते.

त्या तरुणाने जोडाचा खराब भाग कापून नळीचे तोंड नव्याने फुलवले, नट बसवला, नळ्यांत नायट्रोजनचा दाब भरून गळती थांबल्याची खात्री केली. मग पंपाने नळ्यांतील हवा आणि ओलावा ओढून घेतला, आणि युनिटवरच्या पट्टीवर लिहिले होते तेवढाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. काम करताना त्याने गॅलरीतली देवाची उदबत्ती विझवायला लावली. आमच्या एसीत आर-३२ हा गॅस आहे, आणि तो सौम्य ज्वलनशील असतो. अंधार पडेपर्यंत खोली गार झाली. सासूबाईंनी त्याला चहा घेतल्याशिवाय जाऊ दिले नाही.

चहा पिताना मी त्याला विचारले, "तुम्ही एवढे प्रश्न कसे काय विचारता?" त्याने सांगितले ते मी त्याच रात्री वहीत उतरवून घेतले. तुमच्याही उपयोगाचे आहे, म्हणून माझ्या शब्दांत देते.

एसी थंडी तयार करीत नाही. खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. त्यासाठी चार गोष्टी चालत्या राहाव्या लागतात: वीज, हवा, गॅस आणि पाणी. बिघाड म्हणजे या चारांपैकी एक कुठे तरी अडलेली असते. कोणती अडली, एवढे शोधावयाचे.

एसी सुरूच होत नसेल, तर आधी वीज पाहावी. खटका पडला आहे का, स्टॅबिलायझर काय दाखवतो, रिमोटचे सेल उतरले आहेत का? मोबाइलचा कॅमेरा रिमोटच्या टोकासमोर धरून बटण दाबले, तर बहुतेक मोबाइलमध्ये फिकट जांभळा उजेड दिसतो. तो दिसला तर रिमोट ठीक आहे. वीज गेली आणि आली, की कॉम्प्रेसर सुरू होण्यास साधारण तीन मिनिटे लागतात. ती कॉम्प्रेसरच्या रक्षणासाठी केलेली योजना आहे. बिघाड समजून बटणे दाबत बसू नये. उन्हाळ्यात संध्याकाळी विजेचा दाब उतरला, तर पंखे-दिवे चालतात आणि कॉम्प्रेसर मात्र सुरू होत नाही. रिमोटवर चुकून नुसत्या पंख्याची खूण निवडली गेली असेल, तर वारे येते आणि खोली थंड होत नाही. हे आमच्या शेजाऱ्यांकडे घडले आहे.

वारेच कमी येत असेल, तर हवा अडली आहे. फिल्टर पाहावा. आपल्याकडील धुळीत तो उन्हाळ्यात दर पंधरा दिवसांनी धुतलेला बरा. वारे भरपूर पण गारवा नाही, अशी तक्रार असेल तर बाहेरच्या युनिटकडे जावे. त्याची जाळी धुळीने बुजली, समोर कपाट किंवा पोती ठेवली, तर उष्णता बाहेर पडावयाची कशी? पंखा फिरत नाही आणि मशीन नुसते गुणगुणते, असे असेल तर बहुधा कपॅसिटर गेलेला असतो. हे सगळे ठीक असेल, तरच गॅसचा विचार करावा, आणि तेव्हाही 'कुठून गळला?' हे विचारल्याशिवाय भरू देऊ नये.

आतल्या युनिटमधून भिंतीवर पाणी उतरू लागले, तर गॅसचा संबंध बहुधा नसतो. हवेतील ओलावा थंड कॉइलवर पाणी होऊन साचतो आणि नळीवाटे बाहेर जातो. ती नळी शेवाळाने, धुळीने तुंबली किंवा तिचा उतार बिघडला, की पाणी उलटे घरात येते. कॉइलवर जमलेला बर्फ वितळूनही पाणी पडते. अशा वेळी एसी बंद करून बर्फ आपोआप वितळू द्यावा. चाकूने खरवडू नये, कारण आतल्या नळ्या नाजूक असतात.

आणि एक मर्यादा. फिल्टरला हात लावण्यापूर्वी मुख्य खटका बंद करावा. खटका पुन्हा पुन्हा पडत असेल, जळका वास येत असेल, प्लग तापत असेल, तर तेथे आपले काम संपले. खटका हट्टाने वर करीत राहू नये. वीज बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये भार शिल्लक राहू शकतो, म्हणून बाहेरच्या युनिटचे झाकण जाणकारानेच उघडावे.

माझ्या आणखी दोन गैरसमजुती त्या दिवशी गेल्या. खोली लवकर थंड व्हावी म्हणून मी रिमोटवर १६ अंश ठेवीत असे. १६ हा वेग नव्हे, तो थांबण्याचा मुक्काम आहे; साधा एसी २४ वर ठेवला तरी तेवढ्याच जोराने थंड करतो आणि २४ ला पोचल्यावर विसावतो. १ जानेवारी २०२० पासून भारतात खोलीच्या एसींवर सुरुवातीचे तापमान २४ अंश ठेवणे बंधनकारक झाले, ते वीज वाचावी म्हणून. दुसरी समजूत 'दीड टन' या शब्दाची. मी ते यंत्राचे वजन समजत होते. यंत्राने थंडावा करण्यापूर्वी तो बर्फाने केला जाई. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी बाहेर टाकण्याची क्षमता म्हणजे एक टन. हा टन अमेरिकी, सुमारे ९०७ किलोचा. यंत्र आले, बर्फ गेला, शब्द राहिला. भाषेत असे वारंवार घडते.

या यंत्राचा जन्म माणसांच्या सुखासाठी झाला नव्हता, हेही तुम्हांला, मुद्रित शब्दाच्या अभ्यासकांना, सांगण्यासारखे आहे. १९०२ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत आणि आक्रसत असे, त्यामुळे एकावर एक छापलेले रंग जुळत नसत. त्यावर उपाय म्हणून विलिस कॅरियर या पंचवीस वर्षांच्या अभियंत्याने हवेतील ओलावा आटोक्यात ठेवणारी यंत्रणा आखली. तेथेही पहिला प्रश्न 'नेमके काय होत आहे?' हाच होता. 'छपाई बिघडली' एवढ्यावर ते थांबले असते, तर छापखान्याने कदाचित शाई बदलून पाहिली असती.

सासूबाईंच्या बोलण्याला मी मनात 'तक्रार' म्हणत होते. हा शब्द अरबीतून, फार्सीच्या मार्गाने आपल्याकडे आला. मूळ अरबीत त्याचा अर्थ 'पुन्हा पुन्हा करणे' असा आहे. मराठीत त्याला गाऱ्हाण्याचा अर्थ चिकटला. हे मी वर्गात अनेक वर्षे सांगत आले आहे. पण माणूस तेच ते पुन्हा सांगतो, कारण ते पहिल्यांदा ऐकले गेलेले नसते, हे मला त्या खाटेपाशी उभी राहून कळले. त्यांनी तीनदा सांगितले. मी तीनदा त्यांचे वाक्य माझ्या तयार वाक्यात बदलून घेतले. गॅस भरण्याचे दोनदा दिलेले पैसे मी विसरेन. त्या दुपारी त्यांनी मला दुसऱ्याच नावाने मारलेली हाक विसरता येणार नाही.

आता फिल्टर मी दर पंधरवड्याला धुते. सासूबाई गॅलरीत बसून पायपाकडे लक्ष ठेवतात आणि संध्याकाळी मला अहवाल देतात. त्या बोलू लागल्या, की मी हातातले पेपर खाली ठेवते.

स्वाध्याय म्हणून एवढेच करा. तुमच्या घरात किंवा कामाच्या ठिकाणी जे काही नीट चालत नाही, ते एसी असो, शेतातली मोटर असो किंवा म्हाताऱ्या माणसाचा गुडघा असो, त्याविषयी दहा वाक्ये लिहा. 'बिघडला', 'संपला', 'खराब झाला' हे शब्द वापरू नका. काय दिसते, काय ऐकू येते, केव्हापासून आणि केव्हा केव्हा, एवढेच लिहा. तुमच्या बोलीतील शब्द अधिक नेमका असेल, तर तोच लिहा. आणि लिहिण्यापूर्वी, त्या वस्तूजवळ दिवसभर असणाऱ्या माणसाला निदान एकदा विचारा, "काय होलालंय?"